मातीतलं आयोडीन वेगळं, पिकाला मिळणारं वेगळं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "इथं पाऊस एवढा, की मातीतलं सगळं आयोडीन धुऊन गेलंय." दुसरं, "घाट उतरला की समुद्र. आपल्या मातीत आयोडीन भरपूर, मग आयोडीनचं मीठ कशाला?" दोन्ही चूक आहेत, आणि चुकीचं मूळ एकच आहे. मातीत किती आहे आणि त्यातलं पिकाच्या हाती किती लागतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एक धरले की पुढचं सगळं गणित बिघडतं.

युरियाचं नत्र पावसात निघून जातं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तोच नियम लोक आयोडीनला लावतात, तिथं गडबड होते. आयोडीन खडकातून फारसं येतच नाही. बेसाल्टसारख्या अग्निज खडकात ते किलोला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं, तर मातीत जगभराची सरासरी किलोला ५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. ही भर समुद्रावरून हवेत आणि हवेतून पावसात येते. पावसाच्या लिटरमागे २ मायक्रोग्रॅम धरा. २,००० मिलिमीटर पाऊस पडला तर एकरी साधारण १६ ग्रॅम आयोडीन वरून येतं. एकराच्या वरच्या सहा-सात इंच मातीचं वजन नऊ लाख किलोच्या घरात, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या हिशोबानं तिच्यात साडेचार किलो आयोडीन. पावसानं दिलेलं सगळंच्या सगळं धरून ठेवलं, तरी एवढा साठा व्हायला पावणेतीनशे वर्षांच्या वर लागतील. पाऊस फक्त धुऊनच नेत असता, तर एवढं साठलंच नसतं.

धरून ठेवणारे दोघे: लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि कुजलेला पाला. जांभ्यावरच्या तांबड्या, आंबट मातीत पहिलं भरपूर असतं. भीमगड अभयारण्याच्या बाजूला, जिथं जंगल शाबूत आहे, तिथं दुसरंही मिळतं. झाडांची पानं हवेतलं आयोडीन टिपतात, पाऊस ते खाली उतरवतो, आणि पाचोळा कुजताना सूक्ष्मजीव ते सेंद्रिय पदार्थात बांधून टाकतात. म्हणून जंगलाच्या मातीत एकूण साठा नांगरलेल्या रानापेक्षा साधारणपणे जास्त असतो. जंगल तोडून रान केलं की ह्यूमस, म्हणजे कुजलेल्या पाल्याचा काळा अंश, झपाट्यानं जळतो, आणि त्याला बांधलेलं आयोडीन थोडं हवेत, थोडं पाण्याबरोबर निघून जातं.

पण बांधलेलं म्हणजे मिळणारं नव्हे. इथंच सगळे अडखळतात. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उदाहरण घरोघरी माहीत आहे: तांबड्या मातीत ते असतं, पण लोहाला चिकटून बसतं आणि पीक उपाशी राहतं. आयोडीनचंही तसंच होतं. त्यामुळे एकूण आकडा मोठा पाहून कुणी "माती समृद्ध आहे" म्हणालं, की मला पटत नाही. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये एके काळी घरोघर गलगंड (आयोडीन कमी पडल्यानं गळ्याला येणारी सूज) होता, आणि तिथल्या चुनखडीवरच्या मातीत आयोडीन कमी नव्हतं. ते पिकाला मिळत नव्हतं.

भाताच्या खाचरात चित्र उलटतं. चिखलणी करून पाणी कोंडलं की काही दिवसांत मातीतली हवा संपते. खाचराच्या कडेला उभं राहून पाहिलं तर पाण्यावर तेलासारखा चकचकीत तवंग दिसतो. काडीनं ढोसला की तो काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटतो. हे तेल नव्हे, विरघळून वर आलेलं लोखंड आहे. चिखल हातात घेतला तर तो निळसर करडा असतो, आणि रोप उपटलं तर मुळांवर तांबूस गंजाचा थर दिसतो, कारण मुळं स्वतःभोवती थोडी हवा सोडतात. आयोडीनला धरून ठेवणारं लोहच असं विरघळलं की आयोडीनही आयोडाइडच्या, म्हणजे पाण्यात सहज विरघळणाऱ्या रूपात सुटतं. जपानमध्ये जिरायती रान नव्यानं खाचरात बदललं, तेव्हा एवढं आयोडीन सुटलं की भाताची पानं तांबूस पडून पीक आजारलं.

सुटलेलं आयोडीन तिथंच राहत नाही. काही निचऱ्याबरोबर जातं, काही खाली झिरपून जिथं पुन्हा हवा लागते त्या थरात अडकतं, काही भाताच्या पात्यातून वायू होऊन उडतं. म्हणून जुन्या खाचराच्या वरच्या थरात साठा बहुधा शेजारच्या नाचणीच्या माळापेक्षा कमी, पण हंगामात मोकळं आयोडीन जास्त. साठा कमी आणि मोकळं जास्त, हे एकाच वेळी खरं असू शकतं, हे ज्याला कळलं त्याला हा विषय कळला.

निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीची गोष्ट छोटी आहे. तिथं आंबटपणा नाही, हवा खेळती, आणि आयोडीन बरंचसं आयोडेटच्या, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपात असतं. तांबड्या मातीच्या मानानं ते इथं कमी चिकटतं, पण पिकाची मुळं आयोडाइडइतक्या सहज ते घेत नाहीत. उसाला दिलेल्या पाण्यातून थोडी भर पडते, एवढंच.

आणि खाचरात कितीही सुटलं तरी ते आपल्या ताटातल्या भातात येत नाही. पिकात आयोडीन पाण्याबरोबर वर चढतं आणि पानात थांबतं. दाण्यापर्यंत फार थोडं पोहोचतं. पालेभाजीत त्याहून बरं, पण माणसाला रोज लागणारे १५० मायक्रोग्रॅम त्यातून भागत नाहीत. आपल्याकडे दुकानातल्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे १० ग्रॅम मिठात नेमके १५० मायक्रोग्रॅम. गुलाबी सैंधव किंवा खडे मीठ घेऊन "नैसर्गिक आहे, त्यात असतंच" म्हणणाऱ्यांनी पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलंय का ते पाहावं. मृदा आरोग्य पत्रिकेत आयोडीनचा रकाना नाही, तेव्हा तिथं शोधू नका.

गोठ्यातही हेच लागू आहे. गाभण गाय-म्हैस फक्त डोंगरावरच्या गवतावर असेल, तर गळ्याला सूज आलेलं, अशक्त किंवा अंगावर केस नसलेलं वासरू जन्माला येऊ शकतं. खनिज मिश्रण घेताना त्यात आयोडीन आहे ना, हे पिशवीवर वाचून घ्या.