उपग्रहाला शेंगा दिसत नाहीत

जून 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं शेतीत एआय वापरण्याचं 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये. तेव्हापासून कुणी म्हणतं एआय शेतीचं सोनं करील, कुणी म्हणतं शेतकऱ्याला देशोधडीला लावील. भांडण व्हायलाच हवं, पण एआय पिकाचा अंदाज ज्या उपग्रहाच्या आकड्यांवरून बांधतो, तो उपग्रह मोजतो काय, हे कळल्यावर.

पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं. डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांत इकडेतिकडे वळत बराचसा परत फिरतो. हिरव्यागार पिकावरून समजा 5 टक्के लाल आणि 45 टक्के अवरक्त प्रकाश परतला. दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेनं भागा: 40 भागिले 50, म्हणजे 0.8. पीक सुकलं आणि लाल 20, अवरक्त 30 झाला, की उत्तर 0.2. हाच एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रात यासाठी लागणारा एक ठिपका 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. त्या गुंठ्यातलं पीक, तण, बांधावरची बाभूळ, सगळ्यांचा मिळून एकच आकडा. खरिपात ढग आले की तोही नाही. रडार ढगांआडून पाहतं, पण त्याला हिरवेपणा कळत नाही. पिकाची ठेवण आणि ओल कळते.

आणि हिरवेपणा म्हणजे उत्पादन नव्हे. सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत, तर झाड उलट जास्त दिवस हिरवं राहतं. उत्पादनाचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये हवामानाची माहितीही घालतात, तरी ते खरं की खोटं हे शेवटी पीक कापणी प्रयोगातच, म्हणजे रानातलं पीक कापून तोलल्यावरच ठरतं. पडद्यावर आला म्हणून आकडा खरा मानणं, ही तळहातावर नारळ धरून बोअरची जागा ठरवण्यासारखीच अंधश्रद्धा आहे.

हा प्रश्न पैशाचाही आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत खरीप 2023 पासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाला किमान 30 टक्के भार दिला गेला. ज्याच्या रानाचा आकडा, त्याला तो दिसला पाहिजे आणि त्यावर हरकत घेता आली पाहिजे. राज्यात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. बटईनं कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई त्यात सापडत नाही. विधानसभेत आधी यावर बोला.