तपासणीची माहिती रुग्णाला कळेल अशी : पॅथॉलॉजी लॅब आणि निदान केंद्रांसाठी माहितीपत्रक

पॅथॉलॉजी लॅब, सोनोग्राफी केंद्रे आणि लहान रुग्णालये यांच्यासाठी आम्ही मराठी संकेतस्थळे तयार करतो. आपल्या केंद्रात होणाऱ्या तपासण्यांची पाने आम्ही कशी लिहितो, कशी मांडतो आणि त्यासाठी आपल्याकडून काय लागते, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

असे पान रुग्ण बहुधा आदल्या रात्री किंवा घरातून निघण्यापूर्वी मोबाइलवर उघडतो, आणि सकाळी नेमके काय करायचे, एवढेच त्याला त्या वेळी जाणून घ्यायचे असते. म्हणून प्रत्येक पानाचा पहिला परिच्छेद आम्ही पूर्वतयारीसाठी राखून ठेवतो. तपासणीमागचे शास्त्र, यंत्रसामग्री आणि केंद्राचा परिचय त्यानंतर येतो. तयारी चुकली तर नमुना पुन्हा द्यावा लागतो, आणि ती चूक कोणाच्या लक्षातच आली नाही तर चुकीचा आकडा खरा धरून औषधाची मात्रा बदलली जाण्याचा धोका असतो. त्यामुळे हे पान म्हणजे तपासणीचाच पहिला टप्पा आहे, असे आम्ही मानतो.

साखरेच्या तपासणीचे पान

उपाशीपोटी साखरेची तपासणी सर्वांच्या परिचयाची आहे, तरीही ‘फास्टिंग आवश्यक’ एवढी सूचना तिला पुरत नाही. आमच्या पानावर पुढील मजकूर असतो : ‘रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास काहीही खाऊ नये. साधे पाणी प्यायल्यास चालते. चहा, कॉफी, दूध, फळे आणि उपासाचे पदार्थ घेऊ नयेत. सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.’ उपासाच्या पदार्थांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण साबुदाण्याची खिचडी खाऊन आपण उपाशीच आहोत असे समजणारे रुग्ण आहेत आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. सूचना देणाऱ्याने ती पूर्ण द्यायला हवी.

जेवणानंतरच्या साखरेसाठी २ तास मोजायचे ते जेवायला सुरुवात केल्यापासून, हेही स्पष्ट लिहावे लागते. याउलट एचबीए१सी या तपासणीला उपाशी राहण्याची गरज नसते, कारण गेल्या दोन ते तीन महिन्यांतील साखरेच्या सरासरीचा अंदाज तिच्यातून मिळतो. पानावर हे वाक्य नसेल, तर इन्सुलिन घेणारी एखादी वृद्ध व्यक्ती विनाकारण उपाशी राहते आणि वाटेतच तिची साखर उतरू शकते. काय करायचे याइतकेच काय करण्याची गरज नाही, हे लिहिणेही आम्ही आवश्यक समजतो.

सोनोग्राफीच्या बाबतीत प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र पान असावे, असा आमचा आग्रह असतो. पित्ताशय नीट दिसण्यासाठी पोट रिकामे लागते, तर पोटावरून गर्भाशय किंवा प्रोस्टेट पाहण्यासाठी सहसा मूत्राशय भरलेले लागते. या दोन सूचना एकाच परिच्छेदात आल्या की रुग्णाचा हमखास गोंधळ होतो. गरोदरपणातील सोनोग्राफीच्या पानावर, १९९४ च्या कायद्यानुसार गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, हे विधान ठळकपणे दिले जाते.

संदर्भ मर्यादा आणि ठळक आकडे

अहवालातील एखादा आकडा ठळक दिसला की घरातील सर्वांची झोप उडते. अनेक तपासण्यांची संदर्भ मर्यादा, म्हणजे अहवालात आकड्याशेजारी छापलेली सामान्य मर्यादा, निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ९५ टक्के लोकांचे आकडे तिच्यात बसतील, अशा रीतीने ठरवलेली असते. म्हणजे उरलेले सुमारे ५ टक्के लोक निरोगी असूनही मर्यादेबाहेर दिसतात, आणि एकाच वेळी वीस तपासण्या केल्यास एखादा आकडा थोडासा बाहेर जाणे मुळीच दुर्मीळ नसते. हे आम्ही साध्या शब्दांत लिहितो. मात्र त्यामुळे रुग्ण निर्धास्त होऊन अहवाल बाजूला ठेवणार नाही, याचीही काळजी घेतो. कोणत्या लक्षणांत त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, हे वाक्य आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेतले जाते. मर्यादेचे आकडे यंत्र आणि पद्धतीनुसार बदलतात, त्यामुळे ते आपल्याच केंद्राच्या अहवालातून घेतले जातात, इंटरनेटवरून उचलले जात नाहीत.

सर्वांना वाचता येईल असे पान

दृष्टिहीन व्यक्ती मोबाइलवर टॉकबॅक किंवा संगणकावर एनव्हीडीए यांसारख्या, मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पान ऐकते. मजकूर छपाईच्या मांडणीसाठी (डीटीपी) वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर डोळ्यांना मराठी दिसणारा तो मजकूर मुळात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा बनलेला असतो, आणि स्क्रीन रीडर तेच निरर्थक उच्चार करत राहतो. दरपत्रकाचा फोटो तसाच चढवला, तर त्यातला मजकूर ऐकू येईल याची मुळीच खात्री नसते. म्हणून आम्ही सर्व मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरे मराठी म्हणूनच ओळखता येतील अशा पद्धतीत, नव्याने टंकलिखित करतो आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद त्याच्या संगणकीय कोडमध्ये करतो, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो.

रचनेसाठी आम्ही डब्ल्यूसीएजी २.२ हे संकेतस्थळांच्या सुगमतेचे ऑक्टोबर २०२३ मधील आंतरराष्ट्रीय निकष पाळतो. त्यांतील एए पातळीनुसार सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) लागतो, पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे कितीही देखणी वाटली तरी मोतीबिंदू असलेल्या रुग्णाला ती दिसत नाहीत. मर्यादेबाहेरचा आकडा केवळ लाल रंगाने दाखवला जात नाही, त्याच्याशेजारी ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असा शब्द असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार माहिती सुगम स्वरूपात मिळणे हा दिव्यांगांचा हक्क आहे, आणि आमच्या मते निदान केंद्रांनी या बाबतीत सर्वांच्या पुढे असायला हवे.

आपल्याकडून अपेक्षित सहकार्य

प्रत्येक पानाचा मजकूर आपल्या पॅथॉलॉजिस्ट किंवा रेडिओलॉजिस्ट यांनी वाचून मंजूर केल्याशिवाय आम्ही तो प्रसिद्ध करत नाही, आणि मंजुरीचा दिनांक पानाच्या तळाशी देतो. शीर्षकात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असते ते नाव आणि त्याचा सोपा अर्थ असे दोन्ही येते, कारण रुग्ण ‘टीएसएच’ही शोधतो आणि ‘थायरॉइडची तपासणी’ही. आरोग्य पॅकेजच्या जाहिराती पूर्वतयारीच्या पानावर घेण्यास आम्ही नम्रपणे नकार देतो; त्यांच्यासाठी वेगळे पान करून दिले जाते. यंत्र, किट, नमुना घेण्याची वेळ किंवा संदर्भ मर्यादा बदलल्यास त्याच दिवशी आम्हाला लेखी कळवावे. संबंधित पान दुरुस्त करून पुन्हा मंजुरीसाठी आपल्याकडे पाठवले जाईल.