रिकाम्या टाकीतली हवा

मार्च-एप्रिलच्या सुमारास गळीत हंगाम आटोपतो. कराड, फलटण, वाळवा, पलूस या पट्ट्यातले साखर कारखाने थंडावतात आणि ओव्हरहॉलिंग सुरू होतं. मळीच्या टाक्या, डिस्टिलरीचे फर्मेंटर (मळी आंबवायच्या टाक्या), अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचे, म्हणजे स्पेंटवॉशचे हौद, ईटीपीच्या म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या टाक्या, हंगामभर भरलेलं सगळं उपसून धुवायला घेतात. काम बहुधा ठेकेदाराच्या माणसांकडे असतं आणि त्यांना एवढंच सांगितलेलं असतं की टाकी रिकामी आहे. पण द्रव उपसला तरी टाकी रिकामी होत नाही. तळाशी वीतभर गाळ राहतो आणि त्याच्यावर राहते ती हवा. ती हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

अशा अपघातात बहुतेकदा एकटा माणूस जात नाही. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्या मागोमाग तिसरा. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागांबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. अशा ठिकाणी मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात, असं तिच्यात म्हटलं होतं.

सांगलीकरांना या धोक्याचं एक रूप जुन्या काळापासून माहीत आहे. हरिपूर भागात हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यांचं फार नुकसान झालं. पेवात हळद टिकायची, कारण बंद जागेतला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड जगत नाही. तीच हवा माणसालाही मारते. म्हणून पेव असो वा जुनी विहीर, तोंड उघडं ठेवायचं, आत कंदील सोडून बघायचा आणि मगच उतरायचं, ही रीत. तिला शास्त्राचा काही आधार आहे, कारण ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की साधी ज्योत विझते.

मात्र कारखान्याच्या टाकीत कंदिलाची ही परीक्षा दोन्हीकडून फसते. स्पेंटवॉशच्या टाकीत ज्वलनशील वायू असेल तर ज्योतीने स्फोट होईल. आणि हायड्रोजन सल्फाइड १००० पीपीएम, म्हणजे हवेच्या फक्त ०.१ टक्का असेल, तर ज्योत आरामात जळत राहील. माणूस मात्र एक-दोन श्वासांत खाली पडेल.

हा वायू येतो कुठून? मळीत आणि स्पेंटवॉशमध्ये सल्फेट भरपूर असतं. उसाचा रस स्वच्छ करताना वापरलेला गंधकाचा धूर आणि फर्मेंटेशनमध्ये घातलेलं सल्फ्युरिक आम्ल यांतून ते येतं. ऑक्सिजन नसलेल्या गाळात वाढणारे जिवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो. शरीरात गेल्यावर तो पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. अगदी कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मात्र १०० पीपीएमच्या पुढे नाकाची संवेदनाच मरते आणि वास येईनासा होतो. टाकीच्या तोंडाशी वास होता, आत गेल्यावर गेला, म्हणजे हवा सुधारली असं माणसाला वाटतं. घडलेलं असतं नेमकं उलटं.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे गाळ. वायू त्याच्यात बुडबुड्यांच्या रूपात अडकून असतो. वरून वायू मोजणारा मीटर सोडला तर शून्य दाखवतो, परमिटवर, म्हणजे उतरण्याच्या परवानगीच्या कागदावर, शून्य लिहिलं जातं, माणूस उतरतो. पहिलं फावडं मारताच अडकलेला वायू सुटतो आणि आकडा काही सेकंदांत शेकड्यांत जातो. म्हणून उतरण्याआधी गाळ बाहेरूनच पाण्याच्या जेटने ढवळून, पातळ करून पंपाने जितका निघेल तितका काढावा. मोजमाप त्यानंतर करावं, आणि काम चालू असेपर्यंत प्रत्येकाच्या छातीवर मीटर सुरू राहावा. आम्लाचाही इथे संबंध आहे. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त. पीएच ७ ला निम्मं सल्फाइड पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या रूपात असतं. पीएच ५ ला जवळपास सगळं वायू होऊन निघायला मोकळं होतं. रस आटवायच्या विभागात, म्हणजे बॉयलिंग हाऊसमध्ये, आम्लाने नळ्या धुतल्या आणि ते पाणी त्याच वेळी गटारातून ईटीपीकडे आलं, तर तिथल्या हौदात उतरलेल्याला काही कळायच्या आत वायू येतो. टाकीत माणूस आहे हे आम्ल सोडणाऱ्या पाळीला माहीत असलंच पाहिजे.

फर्मेंटरची अडचण वेगळी. साखर आंबताना १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो. नेहमीच्या चार वायूंच्या मीटरमध्ये ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजले जातात. कार्बन डायऑक्साइड त्यात नसतो. समजा टाकीत तो ५ टक्के आहे. ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १९.९ वर येईल. मीटरची धोक्याची घंटा १९.५ ला लावलेली असते, म्हणजे तो गप्प बसेल. कार्बन डायऑक्साइडची जिवाला तातडीच्या धोक्याची पातळी मात्र ४ टक्के आहे. ज्या डिस्टिलरीत फर्मेंटर धुतले जातात तिथे कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर हवाच. आमच्या मते यात काटकसरीला जागा नाही.

मोजण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजनच्या मदतीनेच चालतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. नमुना नळीने आणि पंपाने वर, मध्ये आणि तळाशी घ्यावा, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के आणि ज्वलनशील वायू त्याच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्या किमान प्रमाणात तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांहून कमी, या मर्यादांबाहेर काहीही दिसलं तर उतरायचं नाही. मीटर रोज कामाआधी माहीत असलेल्या वायूवर तपासून घ्यायचा. कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या मीटरचा शून्य म्हणजे काहीच नाही.

हवा बदलण्याचं गणित सोपं आहे. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर उंचीच्या टाकीत साधारण ६३ घनमीटर हवा मावते. तासाला १५०० घनमीटर हवा देणारा ब्लोअर ती अडीच मिनिटांत एकदा भरतो. पण नवी आणि जुनी हवा मिसळत जाते, त्यामुळे एका फेरीनंतर जुन्यातली ३७ टक्के उरते. सात फेऱ्यांनी, म्हणजे सुमारे १८ मिनिटांनी, हजारात एक भाग. ब्लोअरची नळी तळापासून हातभर अंतरापर्यंत पोचली तरच हे गणित लागू पडतं. नळी मॅनहोलमध्येच लोंबत ठेवली तर वरची हवा वरच फिरते. ब्लोअर जनरेटरच्या धुरापासून लांब ठेवायचा आणि काम संपेपर्यंत बंद करायचा नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर टाकीत कधीही सोडू नये. हवेत ऑक्सिजन वाढला की कपडेसुद्धा एका ठिणगीने भडकतात.

टाकीला जोडलेल्या प्रत्येक लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह गळतात. फ्लँज (पाइपचा जोड) उघडून ब्लाइंड प्लेट, म्हणजे भोक नसलेली पत्र्याची चकती टाकायची, ढवळणीच्या मोटरला कुलूप लावून किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात द्यायची. आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नसावा, ही अट २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्ये घातलेली होती.

सुटकेची तयारी मॅनहोल उघडण्याआधी व्हायला हवी. तोंडावर तिपाई आणि विंच, उतरणाऱ्याच्या अंगात पूर्ण हार्नेस, दोर विंचला जोडलेला आणि बाहेर एक माणूस, ज्याला दुसरं कोणतंही काम दिलेलं नाही. आतला बोलेनासा झाला तर त्याने विंच फिरवायची, आरडाओरड करायची, पण स्वतः उतरायचं नाही. आत जाणं भागच असेल तर पाठीवर हवेच्या सिलिंडरचा श्वसनसंच लावलेला, सराव केलेला माणूसच जाईल. ६ लिटरचा, ३०० बार दाबाचा सिलिंडर म्हणजे १८०० लिटर हवा. धडपडीच्या कामात मिनिटाला ४० लिटर धरले तर पाऊण तास. ओला रुमाल, कापडी मास्क किंवा फिल्टरचा मास्क जिथे ऑक्सिजनच नाही तिथे निरुपयोगी.

बाहेर काढलेल्याला मोकळ्या हवेत आणून, श्वास नसेल तर पिशवी-मास्कने कृत्रिम श्वास द्यावा. हायड्रोजन सल्फाइड असण्याची शक्यता असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये, त्याने मदत करणाऱ्यालाही बाधा होऊ शकते. १०८ ला फोन करतानाच वायूचं नाव सांगावं आणि मीटरवरचा आकडा कागदावर लिहून रुग्णासोबत द्यावा.