कानात थेरपिस्ट, समोर मूल

चार वर्षांचं मूल घरी रोज आदळआपट करतं, चावतं, हातात येईल ते भिरकावतं. आईवडील त्याला समुपदेशकाकडे घेऊन जातात, तर तिथे ते इतकं शहाण्यासारखं वागतं की खोटे पडतात आईवडीलच. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, कोपऱ्यात नवी खेळणी. हट्टाला लागणारी सामग्रीच तिथे नसते. ती असते घरी: सकाळी दात घासताना, टीव्ही बंद करताना, जेवणाचं ताट समोर आल्यावर.

म्हणून ऑनलाइन थेरपीकडे नुसती तडजोड म्हणून पाहू नये. निदान 2 ते 7 वर्षांच्या मुलांच्या हट्टासाठी आणि मारकुटेपणासाठी तरी तिचा एक प्रकार असा आहे, की ज्यात घरात असणं हाच फायदा ठरतो. त्याचं नाव पेरेंट-चाइल्ड इंटरॲक्शन थेरपी, थोडक्यात पीसीआयटी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी ती 1970च्या दशकात विकसित केली. यात थेरपिस्ट मुलाशी बोलतच नाही. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, थेरपिस्ट एकतर्फी काचेमागून पाहतो आणि कानातल्या यंत्रातून पालकाला तिथल्या तिथे सांगतो. काचेच्या जागी फोनचा कॅमेरा आणि त्या यंत्राच्या जागी ब्लूटूथ इअरबड आला, की झाली ऑनलाइन पीसीआयटी. जोनाथन कोमर आणि सहकाऱ्यांनी 3 ते 5 वर्षांच्या 40 मुलांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ऑनलाइन गट क्लिनिकमधल्या गटाच्या मागे पडला नाही. शिवाय उपचार घेताना येणाऱ्या अडचणीही त्या पालकांना कमी जाणवल्या. चाचणी छोटी आहे, हे मात्र लक्षात ठेवावं.

आधी मांडणी. फोन हातात धरायचा नाही. तो आडवा, मूल जमिनीवर बसल्यावर त्याच्या खांद्याइतक्या उंचीवर आणि दोन-अडीच मीटर लांब ठेवायचा. पुस्तकांच्या चळतीला टेकवला तरी चालतो. इअरबड एकाच कानात, दुसरा कान मुलासाठी मोकळा. थेरपिस्टने आपला व्हिडिओ बंद ठेवावा, नाहीतर मूल ठोकळे सोडून फोनकडे धावतं. ठोकळे, चिकणमाती, भातुकली अशी खेळणी निवडावीत. बॉल, बंदुका आणि हरण्या-जिंकण्याचे खेळ नकोत. टीव्ही बंद, दार लोटलेलं. अर्ध्या तासाला साधारण पाव ते अर्धा जीबी डेटा जातो, तेवढा शिल्लक आहे ना हे आधी पाहावं.

पहिल्या टप्प्यात मुलाच्या मागे जायचं असतं. पहिली पाच मिनिटं थेरपिस्ट गप्प राहून पालकाची वाक्यं मोजतो, आणि बहुतेकांची पंचाईत इथेच होते. "हे काय बनवतोयस? घर का? मग दार कुठंय? हा कुठला रंग?" दहा सेकंदांत चार प्रश्न! आपल्याला वाटतं आपण खेळतोय. मुलाच्या लेखी तोंडी परीक्षा चालू असते. त्याऐवजी म्हणायचं, "तू लाल ठोकळ्यावर निळा ठेवलास." मूल म्हणालं "गाडी पडली", तर आपण "हो, गाडी पडली पुलावरून." आणि नुसतं "शाब्बास" न म्हणता, "ठोकळे हळूच ठेवलेस, छान केलंस." कशाबद्दल शाबासकी मिळाली ते कळलं, तरच ते वागणं पुन्हा दिसतं. सुरुवातीला हे बोलणं क्रिकेटच्या समालोचनासारखं वाटतं आणि पालक लाजतात. आठवडाभरात सवय होते.

पुढच्या टप्प्याला जायचं तर पाच मिनिटांत 10 नेमक्या शाबासक्या, 10 वर्णनं आणि मुलाच्या बोलण्याचे 10 पुनरुच्चार व्हावे लागतात. प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनपेक्षा जास्त नकोत. हे आठवड्यातल्या एका सेशनने साधत नाही. रोज घरी पाच मिनिटांचा असा खेळ हाच खरा उपचार. ज्या दिवशी मूल फार वाईट वागलं, त्या दिवशीही ही पाच मिनिटं कापायची नाहीत.

दुसरा टप्पा हुकुमांचा. "पळू नको" ऐवजी "हळू चाल". "आवरतोस का जरा?" हा हुकूम नव्हेच, प्रश्न आहे, आणि मुलाने "नाही" म्हटलं तर त्याने खरं तर बरोबर उत्तर दिलेलं असतं. एका वेळी एकच काम सांगायचं, मग पाच सेकंद गप्प थांबायचं. ऐकलं की लगेच शाबासकी. नाही ऐकलं तर एकच इशारा, आणि तरीही नाही तर खुर्चीवर बसवायचं: तीन मिनिटं, आणि शेवटी पाच सेकंद शांतता. खुर्ची हॉलमध्येच, नजरेसमोर असावी. बाथरूम, अंधारी खोली, बाहेरून कडी, हे काहीही यात बसत नाही. उठल्यावर सांगितलेलं काम मात्र करून घ्यायचं, नाहीतर खुर्ची ही कामातून सुटण्याची युक्ती होते.

हा टप्पा थेरपिस्ट ऑनलाइन नसताना स्वतःहून सुरू करू नये. आजवर किंचाळल्यावर मोबाइल मिळत होता. मुलाला मोबाइल मिळे, आईला शांतता. दोघांचीही सवय पक्की होत गेली. आता किंचाळून काही मिळेना, की मूल आधी जास्तच जोरात किंचाळतं. मानसशास्त्रात याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. "थेरपीने पोर बिघडलं" असं वाटून पालक नेमके इथे सोडतात, आणि सर्वांत मोठ्या किंचाळीनंतर मोबाइल देऊन मोकळे होतात. मूल धडा शिकतं तो असा: एवढ्या जोरात ओरडावं लागतं.

ऑनलाइनचे स्वतःचे घोटाळेही आहेत. नेटवर्क एक-दोन सेकंद मागे पडलं, तर थेरपिस्ट "शाबासकी द्या" म्हणेपर्यंत मुलाने तोच ठोकळा बहिणीला फेकून मारलेला असतो, आणि आईची शाबासकी त्या फेकण्याला लागू होते. म्हणून सूचना दोन-तीन शब्दांच्याच हव्यात, आणि आवाज अडखळू लागला तर व्हिडिओ कमी दर्जावर आणावा. दुसरा घोटाळा आपल्या घरांचा. खुर्चीवरचं दुसरं मिनिट चालू असताना आजी स्वयंपाकघरातून बिस्किट घेऊन येतात. यात आजींचा दोष नाही; त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. पहिल्या सेशनलाच आजी-आजोबांना कॅमेऱ्यासमोर बसवून थेरपिस्टनेच त्यांना समजावलेलं बरं. सुनेने सांगण्यापेक्षा ते लवकर पटतं.

सगळंच पडद्यावर होत नाही. मूल उशिरा बोलतंय, हाक मारल्यावर पाहत नाही, तर आधी श्रवणचाचणी आणि प्रत्यक्ष तपासणी. घरात मारहाण होत असेल, तर मारणारा माणूस शेजारच्या खोलीत ऐकत असताना व्हिडिओ कॉलवर बोलायला लावणं धोक्याचं आहे. मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर चाइल्डलाइन 1098.

थेरपिस्ट निवडताना चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. चांगला माणूस रागावत नाही. औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा, आणि 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन रुग्णासोबत ओळख पटलेला प्रौढ असणं आवश्यक आहे. सेशन रेकॉर्ड होतं का, ते कोण पाहतं आणि कधी पुसलं जातं, हे लेखी घ्यावं. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल, तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे.

थांबायचं कधी, तेही मोजूनच ठरतं. आयबर्ग यांच्या प्रश्नावलीत मुलाच्या वागण्याबद्दल 36 प्रश्न असतात आणि प्रत्येकाला पालक 1 ते 7 गुण देतात. बेरीज 114 किंवा त्याखाली आली आणि दोन्ही टप्प्यांतली कौशल्यं जमली, की सेशन बंद. पाच मिनिटांचा खेळ मात्र चालू ठेवायचा.