दबावगट

दबावगट : समान हितसंबंध किंवा समान मत असलेल्या व्यक्तींचा संघटित गट. तो स्वतः सत्तेवर न येता शासनाच्या निर्णयांवर प्रभाव पाडू पाहतो. राजकीय पक्षाहून तो वेगळा ठरतो तो यामुळेच. कामगार संघटना, व्यापारी मंडळे, कर्मचारी संघ, जातिसंस्था ही त्याची परिचित रूपे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (ग) ने संघ स्थापण्याचा हक्क दिला आहे.

भारतातील दबावगटांचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक कलकत्त्याच्या जमीनदारांनी १८३८ च्या सुमारास काढलेल्या संस्थेपासून धरतात. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी लाड प्रभृतींनी १८५२ मध्ये स्थापलेल्या बॉम्बे असोसिएशनचाही दावा मांडला जातो; ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा (कारभाराच्या परवान्याचा) प्रश्न ब्रिटिश संसदेपुढे असताना या संस्थेने तिकडे अर्ज पाठविला होता. लोकनियुक्त शासनच नसताना ही संज्ञा वापरणे हा कालविपर्यास होय, असा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि पुण्याच्या सार्वजनिक सभेला (२ एप्रिल १८७०) तो तितकासा लागू पडत नाही. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून निघालेल्या या सभेचे सभासद होण्यासाठी किमान ५० प्रौढांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो, या प्रश्नाचे उत्तर सभेने अशा प्रकारे कागदावरच दिले होते. आजच्या अनेक संघटनांना ते देता येत नाही. गणेश वासुदेव जोशी व न्या. रानडे यांच्या काळात सभेने १८७६–७८ च्या दुष्काळाची माहिती गावोगावहून जमवून सरकारपुढे मांडली. १८९६–९७ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सभेने शेतकऱ्यांना दुष्काळसंहितेतील (सरकारच्या दुष्काळ-निवारण नियमावलीतील) हक्क समजावून सांगितले, तेव्हा सरकारने १८९७ मध्ये तिची मान्यताच काढून घेतली.

सैद्धांतिक विवेचनात अमेरिकन अभ्यासक आर्थर बेंटली (१९०८) व डेव्हिड ट्रुमन (१९५१) यांनी राजकारण म्हणजे गटांची परस्परक्रिया असे मानले. गट एकमेकांना आवर घालतात, हे त्यात गृहीत होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मँकर ओल्सन यांनी १९६५ मध्ये त्यास छेद दिला : थोड्यांचा मोठा लाभ असेल तेथे संघटन सहज होते, पुष्कळांचा लाभ विखुरलेला असेल तेथे होत नाही. महाराष्ट्राचा अनुभव ओल्सन यांच्या बाजूने अधिक झुकतो. सहकारी साखर कारखानदारीचा आवाज मंत्रालयात पोहोचतो. ऊसतोड मजुरांचा क्वचित.

पक्ष व दबावगट यांमधील सीमारेषा व्यवहारात पुसट होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चाकणच्या कांदा आंदोलनापासून आणि १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनापासून रास्त भावाची मागणी पक्षांबाहेर राहून लावून धरली. पुढे १९९४ मध्ये जोशी यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. याउलट राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने निवडणुकीतील यशाची वाट न पाहता जनसुनवाई (सरकारी कामांच्या हिशेबांची गावकऱ्यांपुढे जाहीर तपासणी), ब्यावर येथील १९९६ चे धरणे अशा मार्गांनी माहितीच्या अधिकाराचा आग्रह धरला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने त्यास बळ दिले. केंद्रीय कायदा २००५ मध्ये झाला.

अमेरिकेत १९४६ व १९९५ च्या कायद्यांनी लॉबिंग (कायदेमंडळाच्या सदस्यांवर प्रभाव पाडण्याचे काम) करणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही.