‘लाजाळू मादी’ आली कुठून?

रावेर-यावलकडे पिकल्या केळीवर बारीक चिलटं घोंघावतात. त्यांच्याच जातकुळीतल्या ड्रोसोफिला माशांवर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ अँगस बेटमन यांनी केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. जोडीदार वाढले की नराची संतती वाढते, मादीची फारशी नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणून नर उतावळा, मादी चोखंदळ आणि संकोची!

ही समजूत त्याहून जुनी. १८७१ मध्ये डार्विन यांनी मादीचा स्वभाव असाच रंगवला होता. त्या काळच्या इंग्लंडात घरंदाज बाईकडून जी अपेक्षा, तीच त्यांनी पशुपक्ष्यांच्या माद्यांना लावली. अमेरिकी लेखिका अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल यांनी १८७५ मध्येच पुस्तक लिहून डार्विन यांचा एकांगीपणा दाखवला, पण त्यांना विचारतो कोण? पुढे १९७२ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी बेटमन यांचा आधार घेतला आणि हा नियम पाठ्यपुस्तकांत पक्का बसला.

त्याला धक्का दिला वानरांनी. सातपुड्याच्या पायथ्याशी दिसणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानरांचेच भाऊबंद अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी सत्तरच्या दशकात राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर पाहिले. टोळी बळकावणारा नवा नर आधीची तान्ही पिल्लं मारतो, हे त्या अभ्यासायला आल्या होत्या. दिसलं ते वेगळंच. माद्या टोळीबाहेरच्या नरांकडे आपण होऊन जात, गाभण असतानाही. हर्डी यांनी अर्थ लावला तो असा: बाप नेमका कोण हे नराला कळलं नाही, तर पिल्लाला हात लावताना तो कचरेल. म्हणजे मादीचं हे वागणं आईपणाचाच भाग होता. इतकी वर्षं ते नजरेआड राहिलं, कारण बघणारे नरांच्या मारामाऱ्याच मोजत होते. मला ही गोष्ट फार लागते.

बेटमन यांच्या आकड्यांतही उत्तर होतंच. प्रयोगाच्या सहा मालिकांपैकी पहिल्या चारांत माद्यांचीही संतती जोडीदारांसोबत वाढत होती. त्यांचा आलेख वेगळा होता, पण पाठ्यपुस्तकांनी उचलला तो शेवटच्या दोन मालिकांचा आलेख. पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मूळ पद्धतीतलाच दोष उघड झाला. पिल्लांचे आईबाप ओळखायला माशांमधली डोळ्यांना दिसणारी जनुकीय व्यंगं वापरली होती, आणि दोघांकडून व्यंग आलेली बरीच पिल्लं मोजणीआधीच मरत होती.

जळगाव-धुळ्याच्या वर्गांत बेटमन शिकवले जातील, तेव्हा दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी-शेजारी काढले जावेत.