लोडसेलवर 'ईएक्स'चा (Ex) शिक्का आहे, मग झालं का काम?

सॉल्व्हंटच्या टाकीत माल किती उरलाय हे बघायचं तर सोपा उपाय म्हणजे टाकीच्या पायांखाली लोडसेल बसवायचे. लोडसेल म्हणजे स्टीलचा ठोकळाच, वजन पडलं की डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो आणि त्याला चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण मोजणाऱ्या बारीक पट्टीचा, रेझिस्टन्स किंचित बदलतो. या गेजची जोडणी, म्हणजे ब्रिज, बहुतेक वेळा ३५० ओहमचा, त्याला १० व्होल्ट दिले तर करंट जेमतेम २९ मिलिअँप, आणि फुल लोडला सिग्नल मिळतो साधारण २० मिलिव्होल्ट. सॉल्व्हंटची वाफ ठिणगीने पेटू शकते, म्हणून तिथल्या लोडसेलवर 'ईएक्स' खूण लागते, म्हणजे स्फोटाचा धोका असलेल्या जागेसाठी सर्टिफाइड. मग कुणीतरी हमखास म्हणतं, एवढ्याशा करंटने काय होतंय!

पण हायड्रोजन आणि हवेचं मिश्रण पेटायला साधारण ०.०२ मिलिज्यूल पुरतात, प्रोपेनला त्याच्या दहाबारा पट. आणि खरी भीती लोडसेलची नाहीच, ती आहे लांब कंट्रोल रूममधल्या इंडिकेटरची, कारण तो मेन्सवर चालतो आणि त्यात काही बिघडलं तर तोच व्होल्टेज त्याच वायरींमधून थेट टाकीपाशी येऊ शकतो. म्हणून मधे बॅरिअर घालतात, म्हणजे टाकीकडे जाणारी वीज मर्यादेत ठेवणारं उपकरण. झेनर बॅरिअरमध्ये फ्यूज, झेनर डायोड आणि रेझिस्टर, जास्तीचा व्होल्टेज आला की झेनर तो अर्थला पाठवतो, म्हणजे अर्थिंगच कच्चं असेल तर बॅरिअर नुसता शोभेला. आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल तेवढा पलीकडे देणारा प्रकार, घेतला तर त्या अर्थिंगची कटकट नाही, पण पैसे जास्त.

तर नुसता सर्टिफाइड सेन्सर घेऊन भागत नाही. बॅरिअर जास्तीत जास्त जेवढा व्होल्टेज, करंट, पॉवर सोडू शकतो तेवढं सेन्सरला चालायला हवं, दोघांच्या सर्टिफिकेटवर हे आकडे असतात, ते शेजारी ठेवून बघायचे. केबल तर सगळेच विसरतात! ती पण चार्ज साठवते (हाच कपॅसिटन्स), आकडा माहीत नसेल तर मीटरला २०० पिकोफॅराड धरतात, म्हणजे १०० मीटरला २० नॅनोफॅराड, ते सेन्सरच्या कपॅसिटन्समध्ये मिळवून बॅरिअरच्या मर्यादेत बसतंय का बघायचं. इंडक्टन्सचंही, म्हणजे करंटमुळे वायरीत साठणाऱ्या ऊर्जेचंही, तसंच.

आता प्लेटवरचं ते 'आयए आयआयसी टी४'. आयए म्हणजे दोन बिघाड एकदम झाले तरी ठिणगी पेटवणारी नाही, त्यामुळे झोन ०, म्हणजे जिथे गॅस कायमच असतो, तिथेही चालतं. आयआयसी हा सगळ्यात कडक गॅस ग्रुप, हायड्रोजन आणि ॲसिटिलीनचा. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. हायड्रोजन ठिणगीने लगेच पेटतो पण नुसत्या उष्णतेने पेटायला ५०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून त्याला टी१ पुरतो. ईथरचं उलटं, ग्रुप त्यामानाने सौम्य, आयआयबी, पण तो २०० अंशांच्या आतच पेट घेतो म्हणून टी४ हवा. एक कडक म्हणून दुसरं आपोआप कडक असं काही नसतं.

पिठाची किंवा साखरेची धूळ असेल तर हे गॅसचं सर्टिफिकेट कामाचं नाही, तिथे धुळीसाठीचे वेगळे झोन २०, २१, २२ आणि ग्रुप तीन बघायचे.

आणि सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी नुसतं एक्स (X) अक्षर दिसलं तर खरेदीची सही करायच्या आधी आतली पानं वाचा, काहीतरी अट असते, कधी तापमानाची, कधी केबल ठोकर लागणार नाही अशी बसवण्याची. तापमानाचं काहीच लिहिलं नसेल तर उणे २० ते ४० अंश एवढंच गृहीत धरलेलं असतं, आणि गरम रिअॅक्टरच्या पायाशी ४० अंश ओलांडायला काही वेळ लागत नाही.